बारा लाखांचं डिपॉझिट, आणि मुलाचं म्हणणं?

निपाणीजवळच्या एका गावातून पत्र आलंय. साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ, वय 66. धाकटा मुलगा 34 वर्षांचा, 75 टक्के बौद्धिक अक्षमतेचा दाखला. पुण्याकडची एक निवासी संस्था एकरकमी 12 लाख घेऊन त्याला आयुष्यभर सांभाळायला तयार आहे. डिपॉझिट परत मिळणार नाही. त्यासाठी 26 लाखांची एफडी मोडावी, की तीन एकरांतला एक एकर विकावा?

काका, दोन्ही नको. घर उसावर चालतंय, त्या रानाला हात लावू नका.

तुमच्या पत्रात संस्थेच्या खोल्या आहेत, जेवण आहे, कंपाउंडसुद्धा आहे. मुलाला तिथं राहायचंय का, एवढंच नाही. हाच मुलगा सकाळी डेअरीत कॅन मांडतो आणि चिकोडीला बहिणीकडं गेला की परतायचं नाव काढत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. त्याला विचारा. दोनचार वाक्यांत सांगता येत नसेल तर दोन्हीकडं राहून बघू दे, त्याच्या वागण्यातून कळेल. 2016 च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्यानं त्याला समाजात राहण्याचा हक्क दिलाय.

पैशाच्या बाजूनंही हे डिपॉझिट मला अजिबात पटत नाही. दर महिन्याला पैसे भरणारा माणूस तक्रार करू शकतो, मुलाला उचलून घरी आणू शकतो. सगळे आधीच भरलेत आणि सहा महिन्यांत मुलानं तिथं जेवण सोडलं, तर तुम्ही काय करणार? शिवाय मुलगा पुण्याकडं गेला की कर्नाटकातली अपंग पेन्शन सोडून महाराष्ट्रात पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

आता हिशेब. चिकोडीत बहिणीजवळ खोली, दिवसभराचा मदतनीस, जेवणखाण: महिना 18,000 धरा, वर्षाला सव्वादोन लाखांच्या आत. 26 लाखांवर सात टक्क्यांनी 1 लाख 80 हजार येतात. उरलेला खर्च पेन्शन आणि रानाच्या खंडातून भागेल. पण महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो, एफडीचं व्याज तिथंच राहतं. म्हणून त्याच 26 मधले 8 लाख चांगल्या इक्विटी (शेअरबाजारातल्या) फंडात घाला आणि दहा वर्षं विसरा. तुम्ही दोघं धडधाकट आहात तोवर बाकीच्या एफडीचं व्याजही साठवा. मुलीला मात्र गृहीत धरू नका. तिच्याशी आणि जावयाशी मोकळं बोला, तिच्या वेळेचे पैसे द्या. ‘थोरला बघेलच’ यावर मी एक रुपयाही धरलेला नाही.

एजंटानं वर्षाला लाखाची पॉलिसी मुलाच्याच जिवावर गळ्यात मारलीय. विमा कमावत्याचा काढतात! तुमच्यामागं हप्ते कोण भरणार? तीन हप्ते गेलेत, आता ती पेड-अप करून थांबा, म्हणजे पुढचे हप्ते बंद आणि भरलेल्या हप्त्यांपुरता विमा चालू.

सगळ्यात मोठी चूक तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात: प्रत्येक ठेवीला नॉमिनी एकटा मुलगा, आणि मृत्युपत्र नाही. तुमच्यानंतर बँकेत सही कोण करणार? मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हाच कायद्यानं तुमचं पालकत्व संपलं. राष्ट्रीय न्यास ही अशा व्यक्तींसाठीची सरकारी संस्था; तिच्या 1999 च्या अधिनियमाखाली बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडं कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करा. तो दाखला बँकेत चालतो. आज पालक तुम्ही, पुढं मुलगी. पालकत्व मिळालं म्हणून मुलाचं म्हणणं बाद होत नाही, हे मुलीलाही सांगा. मग वकिलाकडून मृत्युपत्र करा. मुलाच्या वाट्याचा पैसा ट्रस्टमध्ये, विश्वस्त मुलगी आणि घराबाहेरचा एक विश्वासू माणूस.

न्यासाचा ‘निरामय’ आरोग्य विमा लाख रुपयांपर्यंत खर्च देतो, आधी तपासणी लागत नाही. तुमची पीएफ पेन्शन असेल तर कायमच्या पूर्ण अपंग अपत्याला तुमच्यामागं आयुष्यभर पेन्शनची तरतूद आहे. पीएफ कार्यालयात त्याचं नाव आणि दाखला आत्ताच नोंदवा. फॉर्म कन्नडमध्ये असेल तर जावयाला सोबत न्या.

दिवाळीनंतर मुलाला दोन महिने चिकोडीत पगारी मदतनिसासह राहू द्या, खर्च वहीत लिहा आणि आकडा मला कळवा. तोवर संस्थेला चेक देऊ नका.