योगसूत्रातली ‘अस्मिता’ म्हणजे अहंकार नव्हे, आणि स्वाभिमान तर नव्हेच

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक वाचक पातंजल योगसूत्रं अनुवादातून शिकतायत, हाताशी एक इंग्रजी पुस्तक आणि एक मराठी, संस्कृत शाळेत होतं तेवढंच. दुसऱ्या पादात (पाद म्हणजे प्रकरण) पाच क्लेशांच्या, म्हणजे माणसाला दुःखात अडकवणाऱ्या मनाच्या दोषांच्या, यादीत ‘अस्मिता’ येते, तिथे इंग्रजीत ‘इगोइझम’ आणि मराठीत ‘अहंकार’ छापलंय. पण पहिल्या पादात समाधीच्या पायऱ्या सांगताना परत अस्मिताच! त्यात त्यांच्या योगाच्या क्लासमधे सांगितलं गेलं की अस्मिता म्हणजे स्वाभिमान, तो माणसाला हवाच, फक्त अति नको. तर यातलं खरं काय, आणि जाताजाता, ‘अस्मिता दुखावल्या’ असं अनेकवचन बरोबर का?

आधी ते स्वाभिमानाचं निकालात काढू, कारण ते मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता राग येतो. अहो, पतंजली ज्याला क्लेश म्हणतो त्यात ‘प्रमाणात असावा’ असलं काही नसतं. २.४ मधे, म्हणजे दुसऱ्या पादातल्या चौथ्या सूत्रात, क्लेशांच्या चार अवस्था दिल्यात: प्रसुप्त, तनु, विच्छिन्न आणि उदार. म्हणजे झोपलेला, रोडावलेला, मधेमधे तुटणारा आणि जोरात असलेला. तनु झाला तरी तो क्लेशच, आणि त्याच्या दोनच सूत्रं आधी सांगितलंय की क्रियायोग करायचा तो क्लेश तनु करण्यासाठी. मग स्वाभिमान आला कुठून? तो आला आपल्या पेपरातल्या ‘मराठी अस्मिते’तून. आजच्या मराठीतला अर्थ उचलायचा आणि दीड हजार वर्षांहून जुन्या सूत्रावर चिकटवायचा, हा प्रकार मराठी माणसाकडून जास्त होतो कारण शब्द ओळखीचे वाटतात. विकल्प, प्रत्यय, आशय, संयम, वृत्ती, सगळ्यांची हीच गत. इंग्रजीतून वाचणारा निदान थांबून विचारतो तरी.

आता मूळ शब्द. मला हा शब्द फार आवडतो, कारण तो बनलाच आहे एका पूर्ण वाक्यातून. ‘अस्मि’ हे क्रियापदाचं रूप, ‘अस्’ धातू, वर्तमानकाळ, उत्तमपुरुष, एकवचन: ‘मी आहे’. आपलं ‘असणे’ त्याच घरातलं. त्याला जोडला ‘ता’, जो सुंदरता, मानवता यात असतो तो. पण गंमत बघा, हा ‘ता’ लागतो नामाला किंवा विशेषणाला, क्रियापदाला नाही. कुणी ‘करतोता’ किंवा ‘जातेता’ म्हणेल का? पाणिनीचं सूत्र आहे ‘तस्य भावस्त्वतलौ’, त्यातला ‘तस्य’ म्हणजे कुठल्यातरी नामाचा भाव. म्हणून काही व्याकरणवाले नाक मुरडतात की हा शब्दच नियमाबाहेरचा. मला हे अजिबात पटत नाही. संस्कृतात क्रियापदासारखी दिसणारी अव्ययं मान्यच आहेत, ‘अस्तिक्षीरा गौः’ म्हणजे दूध असलेली गाय हे त्याचं ठरलेलं उदाहरण, आणि खुद्द पाणिनीने ‘अस्ति नास्ति दिष्टं मतिः’ असं सूत्र लिहून आस्तिक आणि नास्तिक हे शब्द सिद्ध करून दिलेत. अस्तित्व पण तसंच. म्हणजे ‘आहे’ला नाम बनवणं ही संस्कृतची जुनी सवय आहे, अस्मिता त्याच रांगेतली, फक्त ‘तो आहे’च्या जागी ‘मी आहे’. आणि लक्षात घ्या की ‘अहम्’ हे अक्षर या शब्दात नाहीच. ‘मी’ फक्त क्रियापदाच्या शेपटीत, त्या ‘मि’ मधे. जोर सगळा असण्यावर.

याच्या शेजारी ‘अहंकार’ ठेवा. तिथे ‘अहम्’ ठळक आणि पुढे ‘कार’. हा ‘कार’ करण्याचा नाही असं माझं मत आहे, तो ओंकार, स्वाहाकार, वषट्कार यांच्यातला कार आहे, म्हणजे त्या अक्षरांचा उच्चार. अहंकार म्हणजे ‘मी’ असं म्हणणं. व्हान ब्यूटनेन नावाच्या डच संस्कृतज्ञाने १९५७ साली एका लेखात हे मांडलं आणि ते वाचल्यापासून मला दुसरी व्युत्पत्ती गोडच लागत नाही. मी केलं, माझं घर, मला बोलला, हे सगळं अहंकाराचं खातं. अस्मितेत ‘माझं’ अजून आलेलंच नाही, नुसतं ‘आहे’ आहे.

आता कुणी म्हणेल की हे तुमच्या मनचं. नाही. अकराव्या शतकात धारच्या भोजराजाने योगसूत्रांवर राजमार्तंड नावाची वृत्ती लिहिली, त्यात १.१७ वर तो स्पष्ट लिहितो, ‘न चाहंकारास्मितयोरभेदः शङ्कनीयः’, म्हणजे अहंकार आणि अस्मिता एकच अशी शंकासुद्धा घेऊ नका. पुढे कारण देतो: अंतःकरण जिथे ‘अहम्’ असा उल्लेख करत विषय जाणतं तो अहंकार, आणि चित्त आत वळून, उलट्या क्रमाने प्रकृतीत लीन झाल्यावर जिथे नुसती सत्ता भासते ती अस्मिता. ‘अहमित्युल्लेखेन’ हा शब्द बघा! भोज पण अहंकाराची व्याख्या उच्चारावरूनच करतोय, त्यासाठी त्याला विसाव्या शतकाची वाट बघावी लागली नाही. इतकं सरळ लिहून ठेवलेलं असताना आपल्याकडचे अनुवाद दोन्हीला एकच शब्द कसा वापरतात हे मला खरंच कळत नाही. भोजवृत्ती काही दुर्मिळ नाही, पुण्याच्या आनंदाश्रमाने १९०४ साली व्यासभाष्य (योगसूत्रांवरचं सगळ्यात जुनं भाष्य), त्यावरची वाचस्पतीची टीका आणि भोजवृत्ती असं सगळं एकाच ग्रंथात छापलं. पान उलटलं की झालं.

क्लेशातली अस्मिता मात्र नीट बघायला हवी, आणि तिथे मला अनुवादकांशी भांडायचंच आहे. २.६ असं आहे: ‘दृग्दर्शनशक्त्योरेकात्मतेवास्मिता’. फोड केली की ‘एकात्मता इव अस्मिता’. बघणारा पुरुष, म्हणजे शुद्ध जाणीव, आणि बघण्याचं साधन असलेली बुद्धी, या दोन शक्ती जणू एकच झाल्यात असं होणं म्हणजे अस्मिता. सगळा जीव त्या ‘इव’मधे आहे. संधीत तो असा लपलाय की पटकन वाचणाऱ्याला दिसतच नाही, ‘एकात्मतेव’ म्हणून तोंडातून निघून जातो. विवेकानंदांच्या १८९६च्या राजयोगात या सूत्राच्या भाषांतरात ‘इव’ नाही, द्रष्ट्याचं बघण्याच्या साधनाशी तादात्म्य म्हणजे इगोइझम असं सरळ विधान आहे. विवेकानंदांबद्दल मला अपार आदर आहे आणि त्यांनी ते सांगितलं ते अमेरिकेतल्या श्रोत्यांना, हेही मान्य, पण ‘जणू’ काढलं की सांख्ययोगाचा पायाच हलतो. पुरुष आणि बुद्धी कधीच एक होत नाहीत, होऊ शकत नाहीत, व्यास त्यांना ‘अत्यन्तविभक्त’ आणि ‘अत्यन्तासंकीर्ण’ म्हणतो, तिळमात्र सरमिसळ नाही. एक झाल्याचा भास होतो म्हणून तर तो भास जाऊ शकतो आणि कैवल्य, म्हणजे पुरुषाची सुटका, शक्य होतं. खरंच एक झाले असते तर सोडवणार काय? जेम्स वुड्सने १९१४च्या हार्वर्डच्या भाषांतरात तो भास राखलाय, इंग्रजी वाचायला जड आहे पण माणूस अक्षर सोडत नाही. अनुवादातून शिकायचं तर असाच, जड असला तरी चालेल, गुळगुळीत नको.

मग हीच अस्मिता समाधीत कशी, हा तुमचा मुख्य गोंधळ. १.१७ मधे संप्रज्ञात समाधीचे, म्हणजे जिथे चित्ताला अजून काही आधार असतो त्या समाधीचे, वितर्क, विचार, आनंद आणि अस्मिता असे टप्पे आहेत, आणि अस्मितेवर व्यासाचं भाष्य फक्त दोन शब्द, ‘एकात्मिका संवित्’, म्हणजे एकपणाची जाणीव. शब्द तोच, वस्तूही मला तरी तीच वाटते, बघण्याची बाजू वेगळी. रोजच्या व्यवहारात हे ‘आहे’ सगळ्या राग-द्वेषांच्या खाली दबून बसलेलं असतं आणि कळतही नाही, म्हणून तो क्लेश. साधक वरचे थर एकेक बाजूला करत गेला की शेवटी तेच उघडं पडतं, आणि उघडं पडलं म्हणूनच ते पायरी ठरतं. १.३६ वरच्या भाष्यात या अवस्थेचं वर्णन आहे, अस्मितेत स्थिरावलेलं चित्त ‘निस्तरङ्गमहोदधिकल्प’ होतं, लाट नसलेल्या महासागरासारखं, शांत, अनंत, ‘अस्मितामात्र’. तिथे जुन्या आचार्यांचं एक वचनही दिलंय, त्या अणुमात्र आत्म्याचा माग काढल्यावर माणूस ‘अस्मि’ एवढंच जाणतो. आता याच्या जागी ‘अहंकारमात्र’ घालून वाचून बघा. वाक्य मरतं.

आणि आता माझा सगळ्यात आवडता धागा, जो योगाच्या वर्गात कुणी सांगत नाही कारण बौद्धांचं नाव घ्यायला नको असतं. पालीमधे ‘अस्मिमान’ असा शब्द आहे, ‘मी आहे’ असा मान. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात खेमक नावाच्या आजारी भिक्खूचं सुत्त आहे. थेर लोक, म्हणजे वडीलधारे भिक्खू, त्याला विचारून पाठवतात की पंचस्कंधांत (रूप, वेदना वगैरे ज्या पाच गोष्टींचा माणूस बनतो त्यांत) तुला कुठे आत्मा दिसतो का, तो म्हणतो नाही. मग तू अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झालास का? तर म्हणतो तेही नाही, रूप म्हणजे मी किंवा वेदना म्हणजे मी असं मला वाटत नाही, पण ‘अस्मि’ असं जे काही आहे ते गेलेलं नाही. निरोपांची ये-जा इतकी होते की शेवटी तो आजारी माणूस काठी टेकत स्वतः थेरांकडे जातो आणि समजावतो. कमळाचा वास पाकळीचा नसतो, देठाचा नसतो, केसराचा नसतो, फुलाचा असतो, तसं हे ‘अस्मि’. आणि धोब्याने खार आणि शेण लावून धुतलेल्या कापडालासुद्धा त्या खाराशेणाचा वास उरतोच, तो जायला कापड सुगंधी पेटीत ठेवावं लागतं, तसा हा मान शेवटी जातो. मला तर पक्कं वाटतं की पतंजलीची अस्मिता आणि हा अस्मिमान एकाच चर्चेतून आलेत. क्रियापदाला नाम करण्याची तीच युक्ती, आणि दोन्हीकडे मुद्दा तोच की ‘मी अमुक’ गेलं तरी ‘मी आहे’ उरतं. गर्व, घमेंड, इगो यांच्याशी याचा संबंध इतका लांबचा आहे की ‘इगोइझम’ लिहिणं म्हणजे खेमकाला घमेंडखोर म्हणणं.

एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो टाळणार नाही. २.१९च्या भाष्यात व्यास स्वतः ‘अस्मितामात्र’ हे सहावं ‘अविशेष’, म्हणजे सूक्ष्म, तत्त्व सांगतो, आणि तत्त्वांच्या उतरंडीत ती जागा सांख्यांच्या अहंकाराचीच. म्हणजे तत्त्व मोजताना अस्मिता म्हणजे अहंकार हे बरोबर, ४.४ मधे योगी अस्मितामात्रातून निर्माणचित्तं, म्हणजे स्वतः घडवलेली मनं, तयार करतो तिथेही तसं लावता येतं. पण एका ठिकाणी जमलं म्हणून सूत्रांतल्या पाचही ठिकाणी तोच शिक्का मारायचा, हा आळस झाला. मराठीत मला विचाराल तर मी ‘आहेपण’ लिहीन. आपल्या संतांचं ‘मीपण’ सुंदरच आहे पण ते अहंकाराला जास्त शोभतं.

राहिली पेपरातली अस्मिता. हिंदीतून आली असं सर्रास सांगतात, मला ते मान्य नाही. गुजरातीत लेखक कन्हैयालाल मुनशींनी ‘गुजरातनी अस्मिता’ हा प्रयोग गाजवला. मुनशी बडोदा कॉलेजचे, तिथे अरविंद घोष त्यांचे प्रोफेसर, पुढे वकिली मुंबईत आणि भारतीय विद्या भवनही त्यांनी १९३८ साली मुंबईतच काढलं. ज्या शहरात मराठी आणि गुजराती पेपर एकाच गल्लीत वाचले जायचे तिथे शब्द या भाषेतून त्या भाषेत जायला हिंदीचा वळसा कशाला लागतो? आणि मुनशींचा अर्थ मूळ अर्थाला अगदीच सोडून नव्हता, एखाद्या समाजाला ‘आपण आहोत’ याची जाणीव होणं, एवढाच होता. त्याला स्वाभिमानाचा आणि दुखावण्याचा रंग नंतर चढला. त्यामुळे आजच्या मराठीत हा शब्द वापरू नका असं मी म्हणणार नाही, फक्त तो अर्थ घेऊन योगसूत्राच्या वर्गात शिरू नका.

आणि हो, अनेकवचन. आकारान्त स्त्रीलिंगी तत्सम शब्द, भाषा, क्षमता यांच्यासारखाच चालणार, म्हणजे एक अस्मिता, अनेक अस्मिता, अस्मितांना, अस्मितांचा. ‘अस्मिता दुखावल्या’ हे व्याकरणाने बरोबर आहे.