डिस्क गोल्फ: पहिले काही महिने छोटा कोर्सच खेळ

अरे, डिस्क गोल्फ, म्हणजे कमीत कमी फेकांत डिस्क बास्केटमध्ये टाकायचा खेळ, नुकताच सुरू करतोयस तर लगेच लांबलचक कोर्सच्या मागे लागू नकोस. नवीन माणसाची डिस्क साधारण १५०-२०० फूट जाते, आणि ५०० फुटांचं होल (फेकायच्या जागेपासून बास्केटपर्यंतचा टप्पा) समोर आलं की आपण नुसता जोर लावतो, मग डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर होतं, ती हवेत थांबल्यासारखी होते आणि उजव्या हाताने बॅकहँड (हात छातीसमोरून आडवा नेऊन) मारला असेल तर सरळ डावीकडे झाडीत. सध्या पटर (जवळच्या फेकीची डिस्क) आणि मिडरेंज (मधल्या अंतराची) बास, लांब फेकीचा फास्ट ड्रायव्हर घेऊच नकोस.

तू लॉस एंजेलिसकडेच आहेस तर ओक ग्रोव्हला जा, १९७५ चा, डिस्क गोल्फचा जनक एड हेड्रिकने केलेला, या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स मानतात तो. मला तरी मोकळ्या मैदानातल्या लांब होलपेक्षा झाडांमधली छोटी होल्सच जास्त आवडतात, कारण तिथे ताकद नाही, लाइन लागते, कुठल्या दोन खोडांमधून डिस्क काढायची ते आधी ठरवावं लागतं. होलला दोन टी (फेकायला उभं राहायच्या जागा) असतील तर बिनधास्त जवळच्या टीवरून फेक, त्यात कमीपणा काही नाही. सांताक्रूझचा डेलाव्हिएगा कोर्स नंतर, तिथले चढउतार अंतराचा अंदाजच चुकवतात. आणि झुडपात डिस्क शोधताना तीन-तीन पानांचं पॉयझन ओक, म्हणजे अंगाला लागलं की खाज सुटते ते झुडूप, नाही ना ते बघूनच हात घाल.