क्रँकची पुली निघत नसेल तर

भाऊ, आधी तो घण खाली ठेव. जुन्या ट्रॅक्टरची क्रँकवरची (इंजिनच्या मुख्य दांड्यावरची) पट्ट्याची पुली बहुतेक बिडाची असते. कडेला ठोका बसला की टवकाच उडतो. समोरून ठोकलंस तर मार थेट क्रँकच्या थ्रस्ट वॉशरवर (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकतीवर) जातो, आणि मग खर्च इंजिन उघडण्याचा.

मधला बोल्ट काढून चावीच्या (पुली क्रँकवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) खाचेत गंज सोडवणारं तेल सोड. रात्रभर मुरू दे, सकाळी पुन्हा सोड. खाचेतून तांबडं पाणी झिरपलं की समज, तेल आत पोचतंय.

हबला, म्हणजे पुलीच्या मधल्या भागाला, आट्यांची भोकं असतील तर त्यातच बोल्ट घालून पट्टीचा पुलर (पुली ओढून काढायचं हत्यार) लाव. तीन पायांचा पुलर कडेला अडकवू नकोस, माझी एक पुली तशीच तुटली. क्रँकच्या तोंडावर लोखंडाचा गोल तुकडा ठेव, म्हणजे आतले आटे वाचतील. स्क्रू ताणून थांब. जेवून ये. पुन्हा पाव फेरा दे.

तरी हलली नाही तर तेल नीट पुसून फक्त हब गॅसने गरम कर, शाफ्ट नको. ताण असतानाच ‘टक्’ असा आवाज येऊन पुली सुटते. समोर उभा राहू नकोस. पुलीच्या मागचं ऑइल सील (तेल गळू न देणारी रबरी रिंग) तापलेलं असतं, नवीन आधीच आणून ठेव.