राउटरमध्ये सिक्युरिटी कोणती ठेवू, डब्ल्यूपीए२ का डब्ल्यूपीए३?

भाऊ, अमळनेरला खाली झेरॉक्सचं दुकान, वर घर, राउटर एकच, आणि सेटिंगमध्ये वायफायच्या सिक्युरिटीचे प्रकार म्हणून वेप, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए२, डब्ल्यूपीए३ असं सगळं दिसतंय, त्यातलं काय घेऊ आणि नेटवर्कचं नाव लपवलं तर पुरेल का, असं तुम्ही विचारलंय. मी जळगावला कॅमेरे अन् वायफाय बसवायचंच काम करतो.

वेप घेऊच नका, ते २००१ मध्येच फुटलं, आज साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत निघतं. नुसतं डब्ल्यूपीए पण नको. डब्ल्यूपीए२ घेतलं तर सोबत माहिती कुलूपबंद करायची पद्धत एईएस घ्या, जुनी टीकेआयपी नाही, टीकेआयपीने स्पीड ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. डब्ल्यूपीए३ २०१८ चं, सगळ्यात चांगलं तेच, पण दुकानातला जुना प्रिंटर त्याला बहुतेक जोडला जाणार नाही, म्हणून दोन्ही चालतील असा मिक्स पर्याय ठेवा.

पण खरा घोळ पासवर्डचा आहे. आपल्याकडे बघावं तिथे पासवर्ड म्हणजे मालकाचा मोबाईल नंबर, आणि तोच नंबर दुकानाच्या पाटीवर! पाटी नसली तरी काय, डब्ल्यूपीए२ मध्ये फोन राउटरला जोडला जाताना जी देवाणघेवाण होते ती बाहेर उभं राहून पकडता येते अन् मग घरी निवांत एकेक पासवर्ड लावून बघता येतो, राउटरला कळतही नाही. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलं तर दहा आकडी सगळे मोबाईल नंबर काही तासांत तपासून होतात. डब्ल्यूपीए३ मध्ये हे जमत नाही, पण मिक्समध्ये डब्ल्यूपीए२ चालूच असतं ना. म्हणून पासवर्ड लांब ठेवा, ६३ अक्षरांपर्यंत जागा आहे, चार-पाच एकमेकांशी संबंध नसलेले शब्द जोडा, भरीत तापी सायकल पत्रा टाईप काहीतरी, फक्त हेच नका ठेवू.

डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय, बंदच करा. त्याची पिन ८ आकडी असते पण राउटर ती दोन तुकड्यांत तपासतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत सापडते. हे २०११ पासून माहीत आहे तरी कितीतरी राउटरवर चालूच असतं.

नाव लपवून काही होत नाही, उलट तुमचा फोनच ते नाव घेऊन राउटरला शोधत फिरतो. गिऱ्हाईक वायफाय मागणारच, त्यांच्यासाठी गेस्ट नेटवर्क वेगळं काढा, त्याला पण पासवर्ड ठेवा, आणि घरचा पासवर्ड काउंटरवर कुणालाच सांगू नका.