अंतर्मुख माणसाने रोजच्या छोट्या गोष्टींत ‘नाही’ कसं म्हणावं?

आधी सबबी सांगणं थांबवा. “आज नाही जमणार, तुम्ही जाऊन या” एवढं पुरतं. “डोकं दुखतंय” म्हटलंत की समोरचा गोळी काढून देतो, वर “थोडा वेळ तरी ये” म्हणतो, आणि तुम्ही अडकता. अपराधी वाटेल, पण सुरुवातीलाच.

पटकन नकार देववत नसेल तर “संध्याकाळी कळवतो” म्हणा आणि खरंच कळवा. टांगून ठेवलेलं माणसाला नकारापेक्षा जास्त लागतं. समारंभाला जायचंच असेल तर पोचल्या पोचल्याच सांगून टाका, “मी नऊला निघणार आहे.” मग निघताना कुणी फारसा आग्रह करत नाही.

घरच्यांशी मात्र सविस्तर बोला. दार लावून घेतलं म्हणजे तुम्ही रुसलात असं नाही, हे त्यांना आपसूक कळत नाही.