आयर्लंडमध्ये सायकल: जुन्या रेल्वेची वाट आणि शुअर नदीचा काठ

प्रश्न : ताई, आमची मुलगी डब्लिनला असते. जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे जाणार आहोत. मी बासष्ट वर्षांचा, हिचं वय साठ. सायकल रोज चालवतो, पण चढावर माझा उजवा गुडघा कुरकुरतो आणि हिला मागून येणाऱ्या गाड्यांची धास्ती वाटते. नदी आणि डोंगर दोन्ही दिसावेत, वाहनं नसावीत, चार दिवसांत आटोपावं, एवढीच अपेक्षा. मुलगी म्हणते, पश्चिमेकडच्या मेयोची ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे, म्हणजे वाहनं नसलेली सायकलवाट, प्रसिद्ध आहे, तिथेच जा. तुमचं मत?

उत्तर : माझं मत आग्नेय आयर्लंडमधल्या वॉटरफर्डच्या बाजूने आहे. मी इथेच राहते, तेव्हा मुलीला हा पक्षपात वाटेल. पण तुमचा गुडघा आणि काकूंची धास्ती या दोन्ही गोष्टी डोळ्यांसमोर ठेवूनच सांगते आहे.

डोंगराळ भागात चढ नसलेला रस्ता सहसा मिळत नाही. इथे मिळतो, कारण तो मुळात रस्ता नव्हताच. वॉटरफर्ड ते डंगार्व्हन ही रेल्वे 1878 साली सुरू झाली. वाफेच्या इंजिनाला तीव्र चढ झेपत नसे, म्हणून इंजिनिअरांनी टेकडी आली तिथे ती कापली, दरी आली तिथे कमानींचा पूल बांधला आणि कापणंही जमेना तिथे बोगदा खणला. 1967 मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या. पुढे रूळ गेले, पण तो सौम्य उतार तसाच राहिला. त्यावर डांबर घालून 2017 च्या मार्चमध्ये 46 किलोमीटरची वॉटरफर्ड ग्रीनवे खुली झाली. डोंगर चढण्याची मेहनत दीडशे वर्षांपूर्वीच्या मजुरांनी करून ठेवली आहे. तुम्ही फक्त पॅडल मारायचं.

सुरुवात डंगार्व्हनपासून करा, वॉटरफर्डपासून नको. इथला वारा बहुतेक दिवस नैऋत्येकडून येतो. डंगार्व्हनहून निघालात तर तो पाठीशी राहतो. हा एक निर्णय गुडघ्याला कुठल्याही पट्ट्यापेक्षा जास्त आराम देईल. सायकली भाड्याने देणारे बरेच जण तुम्हाला आणि सायकलींना गाडीने दुसऱ्या टोकाला नेऊन सोडतात, आरक्षण करतानाच तसं विचारून घ्या.

डंगार्व्हनला घाईने निघू नका. खाडीकाठचा किल्ला बघा. अणुकेंद्र फोडण्याच्या कामासाठी 1951 चं नोबेल मिळालेले अर्नेस्ट वॉल्टन याच गावचे, एका बागेला त्यांचं नाव आहे. गाव सोडलं की उजव्या हाताला समुद्र लागतो. थोड्या वेळाने वाट आत वळते, बॅलिव्हॉइलचा पूल येतो आणि लगेच बोगदा. हा पूल 1922 च्या यादवीत उडवून दिला होता, 1924 मध्ये पुन्हा उभारला. बोगदा सुमारे चारशे मीटरचा. आत दिवे आहेत, पण उन्हातून एकदम आत शिरलं की क्षणभर काही दिसत नाही. तोंडाशी थांबा, गॉगल काढा, मग हळू चला. दोन्ही तोंडांशी दगडी भिंतींवर इतकं नेचं माजलेलं असतं आणि वरून इतकं पाणी ठिबकत असतं, की माझा तर तिथून पाय निघत नाही. लोक सायकली टेकवून तिथेच उभे राहतात. तुम्हीही राहा.

पुढे डावीकडे कमेरा डोंगररांग उघडते. त्यांचा माथा आठशे मीटरला थोडाच कमी, पण समुद्राच्या इतक्या जवळ असल्याने फार उंच वाटतात. जवळपास निम्म्या वाटेवर किलमॅकथॉमस गाव येतं. तिथे आठ कमानींच्या दगडी पुलावरून तुम्ही गावाच्या छपरांवरून जाता. खाली वाहते ती माहॉन नदी. हीच नदी वर डोंगरात ऐंशी मीटरच्या कड्यावरून कोसळते. मुक्काम करायचा तर इथेच करा आणि दुसऱ्या सकाळी टॅक्सीने माहॉन धबधबा पाहून या. 46 किलोमीटर एका दिवसात सहज होतात, पण कृपा करून तसं करू नका. एका दमात गेलेल्यांना नंतर बोगदा सोडून काही आठवत नाही, असं मी पुष्कळांच्या तोंडून ऐकलं आहे.

किलमिडनच्या पुढे शुअर नदी सोबतीला येते. तिथून वॉटरफर्डपर्यंत वाटेच्या बाजूनेच पर्यटकांची छोटी अरुंद रूळांची गाडी धावते. मुलं खिडकीतून हात हलवतात.

आता तुमचे उरलेले दिवस. वॉटरफर्डहून कॅरिक-ऑन-शुअरला रेल्वेने जा. या मार्गावर दिवसाला अगदी मोजक्या गाड्या आहेत आणि रविवारी एकही नाही, त्यामुळे आखणी करताना वार आधी बघा. सायकलने जायचा मोह टाळा. एन 24 हा ट्रकचा महामार्ग आहे, काकूंना तो मुळीच नको. कॅरिकहून क्लॉनमेलपर्यंत 21 किलोमीटर शुअर ब्लूवे आहे, ब्लूवे म्हणजे पाण्यातला किंवा पाण्याच्या काठचा मार्ग. पूर्वी घोडे काठावरून चालत माल भरलेल्या नावा प्रवाहाविरुद्ध ओढून नेत, त्यांच्यासाठी बांधलेली ही वाट. नदीला खेटून असल्याने ती जवळजवळ सपाट. उत्तरेला स्लिव्हनामॉन, 721 मीटर, एकटाच उभा, दक्षिणेला तेच कमेरा, पण आता दुसऱ्या अंगाने. मधल्या किलशीलन गावात बसून डबा खा. इथे घाई करणारं कुणी भेटत नाही. मासे धरणारे, बदकं, एखादा बगळा, कयाक म्हणजे छोट्या वल्ह्याच्या होड्या घेऊन उतरलेली पोरं. समोरून येणारा प्रत्येक जण दोन शब्द बोलतो, तुम्हीही बोला.

एवढी एक काळजी घ्या : ग्रीनवेला कुंपण आहे, या वाटेच्या पाण्याकडच्या बाजूला बहुतेक ठिकाणी ते नाही. काकूंनी आतल्या बाजूने चालवावी. आणि क्लॉनमेलच्या पुढे केअरपर्यंतचा ब्लूवे फक्त पाण्यातला, कयाकवाल्यांसाठी आहे. सायकलची वाट क्लॉनमेललाच संपते. केअरचा नदीतल्या खडकावर बांधलेला किल्ला मात्र चुकवू नका, रेल्वेने जा. क्लॉनमेल ते केअर याच टप्प्यावर 1815 मध्ये बियांकोनी या इटालियन उद्योजकाने घोड्यांच्या गाड्यांची आपली पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू केली होती.

कॅरिकला शॉन केली यांचं नाव दिलेला चौक आहे. पॅरिस-नीस शर्यत 1982 ते 1988 अशी ओळीने सात वर्षं जिंकणारा हा सायकलपटू याच परिसरात वाढला. सायकल घेऊन आलेल्या माणसाने त्या चौकात थांबायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मग ग्रेट वेस्टर्न ग्रीनवे वाईट आहे का? आम्ही तिशीतले चौघे मित्र ऑगस्टमध्ये तीच करायच्या बेतात आहोत.

उत्तर : वाईट? मुळीच नाही. जरूर जा. वेस्टपोर्ट ते अकिल बेट, साधारण 42 किलोमीटर, डाव्या-उजव्या हाताला क्लू बेचं आखात आणि नेफिन बेगचे डोंगर, पलीकडे क्रोघ पॅट्रिकचा सुळका. तिथे जमीन उघडी आहे, पीटची (कुजलेल्या वनस्पतींची) दलदल आणि मेंढ्या, झाडांची सावली जवळपास नाही. ही वाट काही ठिकाणी मूळ रेल्वेमार्ग सोडून शेतांतून जाते, म्हणून तिथे छोटे पण खडे चढ आहेत. अटलांटिकचा वारा समोरून आला की 42 चे साठ वाटतात. तिशीतल्यांना ते आवडेलही, बासष्टीच्या गुडघ्याला नाही. तुम्हीही अकिलहून वेस्टपोर्टकडे या, उलट नको. वाटेत मेंढ्यांसाठी फाटकं लागतील, उघडलेलं फाटक बंद करूनच पुढे जा. ही जमीन शेतकऱ्यांची आहे, त्यांनी जाऊ दिलं म्हणून वाट झाली.

आणि जाण्यापूर्वी या रेल्वेची गोष्ट माहीत असू द्या. अकिलला गाडी येण्याच्या सुमारास, 1894 मध्ये, क्लू बेमध्ये नाव उलटून 32 जण बुडाले. स्कॉटलंडला मजुरीसाठी निघालेली ती माणसं होती. त्यांचे मृतदेह या मार्गावरच्या पहिल्या गाडीने आले. 1937 मध्ये स्कॉटलंडमधल्या कर्कंटिलॉक इथे बटाटे काढायला गेलेली अकिलची दहा तरुण मुलं आगीत गेली. त्यांनाही रेल्वेनेच आणलं, आणि त्याच वर्षी मार्ग बंद झाला. अकिलमध्ये ही गोष्ट आजही सांगतात. त्या वाटेवर आरडाओरडा करत जाणारे गट पाहिले की मला त्रास होतो.

प्रश्न : टूरिंग सायकलवर सामान लादून बॅरो नदीच्या काठाने जाता येईल का? शंभराहून अधिक किलोमीटर सलग वाट आहे असं वाचलं.

उत्तर : येईल, पण धीमेपणाने. लोटाउनपासून सेंट मलिन्सपर्यंत ही घोडेवाट आहे आणि बराच भाग अजून गवताचा आहे. दक्षिणेकडचा कार्लो काउंटीतला भाग पक्का करण्याच्या प्रस्तावाला 2019 मध्ये परवानगी नाकारली गेली, आणि तिथे गवत राहिलं याचा मला आनंद आहे. पावसानंतर चाकं रुततात, भरलेल्या पॅनियरांसह (सायकलच्या बाजूच्या पिशव्यांसह) ताशी दहा किलोमीटरही जड जातात. चाळीस मिलिमीटरचे टायर, निम्मं सामान, आणि फक्त दक्षिणेकडचा बोरिस ते सेंट मलिन्स टप्पा, असं करा. तिथे ब्लॅकस्टेअर्स डोंगर नदीच्या जवळ येतात आणि ग्रेगनमना गावात नावा बांधलेल्या असतात.

प्रश्न : सायकल भारतातून न्यावी का? शेंगेन व्हिसा चालेल का? हेल्मेट सक्तीचं आहे का?

उत्तर : चार-पाच दिवसांसाठी नेऊ नका. प्रत्येक मोठ्या ग्रीनवेवर भाड्याने मिळतात, बॅटरीच्याही. इंटरसिटी गाड्यांत सायकलच्या जागा थोड्याच असतात, तिकिटासोबतच जागा आरक्षित करा. शेंगेन व्हिसा चालत नाही, आयर्लंड सामायिक व्हिसा असलेल्या त्या युरोपीय देशांच्या गटात नाही, वेगळा आयरिश व्हिसा काढावा लागतो. उत्तर आयर्लंडमध्ये शिरायचं असेल तर तिथे ब्रिटनचे नियम लागू होतात. सीमेवर कुणी अडवलं नाही म्हणजे परवानगी आहे असं समजू नका. हेल्मेट सक्तीचं नाही, तरी घाला. अंधारात पुढे-मागे दिवा मात्र कायद्याने हवाच. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, तरी पावसाचं जाकीट पिशवीत तळाशी नको, वरच ठेवा.