वाचकांचे प्रश्न : राउटरचं फर्मवेअर बदलताना

प्रश्न : घरी टीपी-लिंकचा आर्चर सी6 राउटर आहे. घेतल्यापासून त्याचं फर्मवेअर (राउटर चालवणारा आतला प्रोग्रॅम) बदललेलं नाही. आमच्याकडे लाइट कधीही जाते. अपडेट चालू असताना गेली तर राउटर कायमचा बंद पडतो म्हणतात. करावं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : करा, पण आधी विजेची सोय पाहा. या वर्गातल्या राउटरांत फ्लॅश मेमरी (फर्मवेअर जिथे साठवलं जातं ती जागा) 8 किंवा 16 एमबीच असते. जुनं आणि नवं फर्मवेअर शेजारी शेजारी ठेवायला तेवढी जागा पुरत नाही, म्हणून जुनं पुसतच नवं लिहिलं जातं. त्या दोन-तीन मिनिटांत लाइट गेली तर दोन्ही अर्धवट. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या आणि इन्व्हर्टरवर 'यूपीएस' मोड ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर रीस्टार्ट होतो. अपडेटच्या आधी मेन स्विच पाडून बघा. राउटरचे दिवे विझले नाहीत, तरच पुढे जा. मिनी यूपीएस घेणार असाल तर त्याचं व्होल्टेज अडॅप्टरवर छापलंय तेवढंच हवं, अँपिअर तितके किंवा जास्त.

चुकीची फाइल हा दुसरा घोळ, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. राउटर उलटा करा, लेबलवर 'व्हर्जन' शोधा. आर्चर सी6 एकाच नावाने विकला गेला असला तरी व्ही2 मध्ये क्वालकॉमची चिप आहे आणि व्ही3 मध्ये मीडियाटेकची. एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही. फाइल कंपनीच्या भारतासाठीच्या साइटवरूनच घ्या. युरोप-अमेरिकेची वेगळी असते. फाइल झिपमध्ये येते, ती उघडून आतली 'बिन' फाइल वापरायची. झिप तशीच चढवली की राउटर नुसता 'एरर' देतो.

मग बॅकअप. सेटिंग्जची फाइल सेव्ह करा, पण तिच्यावर विसंबू नका. नव्या फर्मवेअरला जुना बॅकअप वाचता येईलच असं नाही. राउटरच्या सेटिंग्जमधल्या 'इंटरनेट'च्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा. केबलवाल्याकडचं कनेक्शन बहुधा पीपीपीओई (नाव-पासवर्ड टाकून जोडायचं) असतं आणि त्याचा पासवर्ड पानावर ठिपक्यांत दिसतो, म्हणून तो त्याच्याकडून आधीच लिहून घ्या. व्हीलॅन आयडी (काही कनेक्शनांना लागणारा आकडा) असेल तर तोही.

आता लॅपटॉप वायरने राउटरच्या लॅन पोर्टला जोडा, वायफाय बंद करा, ब्राउझरमध्ये 192.168.0.1 उघडा. अॅडव्हान्स्ड, सिस्टम टूल्स, फर्मवेअर अपग्रेड. फाइल आधी राउटरच्या रॅममध्ये (तात्पुरत्या मेमरीत) जाते, तिथे तपासली जाते आणि मगच फ्लॅशवर लिहिली जाते. वायफाय मधेच तुटल्याने राउटर मरतो असं नाही. पण पान अडकतं, माणूस घाबरतो आणि स्विच बंद करतो. मरतो तो त्याने. टक्केवारी कुठेही अडकली तरी दहा मिनिटं हात लावू नका.

प्रश्न : डी-लिंकच्या राउटरवर अपडेट करताना लाइट गेली. आता पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो, वायफायचं नाव दिसत नाही. फेकून द्यावा का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : एवढ्यात नको. राउटर सुरू करणारा छोटा प्रोग्रॅम, बूटलोडर, फ्लॅशच्या वेगळ्या भागात असतो आणि साध्या अपडेटमध्ये त्याला सहसा धक्का लागत नाही. डी-लिंकच्या बऱ्याच मॉडेलांत त्यातच रिकव्हरीचं पान असतं. लॅपटॉप वायरने जोडा आणि त्याला हाताने आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्या : 192.168.0.10, सबनेट 255.255.255.0. हे विसरलात तर पान कधीच उघडणार नाही, कारण या अवस्थेत राउटर स्वतःहून आयपी वाटत नाही. राउटर बंद करा, रीसेटचं छिद्र टाचणीने दाबून धरा, तसंच धरून चालू करा, दहा-पंधरा सेकंदांनी सोडा. ब्राउझरमध्ये 192.168.0.1 टाका. साधं पान येईल. योग्य व्हर्जनची फाइल द्या आणि पाच मिनिटं थांबा. नंतर लॅपटॉपचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर आणायला विसरू नका. कोणताच दिवा लागत नसेल तर आधी अडॅप्टर बदलून पाहा.

प्रश्न : फायबरबरोबर कंपनीने दिलेल्या डब्याचं फर्मवेअर मी बदलू का? (एक वाचक, कल्याण)

उत्तर : नाही. ते कंपनीच दुरून, टीआर-069 नावाच्या व्यवस्थेने बदलते. कुठून तरी मिळवलेली फाइल चढवलीत तर फायबरवरची नोंदणी जाऊ शकते. तुमच्या हातात एकच : अॅडमिनचा मूळ पासवर्ड बदला.

प्रश्न : नेट उत्तम चालतंय. मग या फंदात का पडायचं? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : वेगासाठी नाहीच, वेग बहुधा होता तेवढाच राहतो. मुद्दा सुरक्षेतली भोकं बुजवण्याचा. 2023 मध्ये टीपी-लिंकच्या आर्चर एएक्स21 मधल्या त्रुटीवर कंपनीने मार्चमध्ये दुरुस्ती दिली आणि एप्रिलमध्ये 'मिराई' बॉटनेट (दुरून ताब्यात घेतलेल्या उपकरणांचं जाळं) तीच त्रुटी वापरून अपडेट न केलेले राउटर ताब्यात घेऊ लागलं. अशा राउटरचा मालक मजेत नेट वापरत असतो. त्याच्या कनेक्शनवरून हल्ले दुसऱ्यावर होतात. तीन महिन्यांतून एकदा साइट बघा. तुमच्या व्हर्जनला कंपनीने 'एंड ऑफ लाइफ' (म्हणजे यापुढे अपडेट नाही) म्हटलं असेल, तर नवा राउटर घेतलेला बरा.